सवय कोणाला आहे? वस्तीतील भाजीची बाग आणि श्रमाचा प्रश्न

शेणामातीतून बाहेर पडायला आपल्या तीन पिढ्या गेल्या, आता शिकलेल्या पोरांच्या हातात तुम्ही पुन्हा खुरपे देणार का? आमच्या वस्तीत भाजीची सामूहिक बाग करायचे ठरले तेव्हा आलेला हा पहिला प्रश्न. विचारणारे चळवळीतलेच होते. आयुष्यभर मोर्चे काढलेले, मुलांना हालअपेष्टा सोसून शिकवलेले. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. एक हंगाम बाग करून झाल्यावर आम्ही त्याचे उत्तर मांडत आहोत.

पुण्यात बाग म्हटले की गच्चीवरच्या कुंड्या, सेंद्रिय भाजीचे स्टॉल आणि रविवारच्या कार्यशाळा डोळ्यांसमोर येतात. ज्यांच्या नावावर मिळकत आहे त्यांनी गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण केले तर पुणे महानगरपालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. चांगली गोष्ट आहे. पण ही सवलत घेण्यासाठी आधी मिळकत असावी लागते. तिथे माती हा छंद आहे. आपल्याकडे मातीचा इतिहास वेगळा आहे, आणि तो विसरून खुरपे हातात घेतले तर वरचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो.

तो इतिहास काय सांगतो? वतन म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याच्या बदल्यात गावाची आणि सरकारची अहोरात्र चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते या गुलामीवर घाव घालण्यासाठी. कनिष्ठ गाव वतने कायद्याने संपायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतला. त्याच्याही आधी, १९१८ साली, भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले होते की जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर किती भांडवल, किती अवजारे, किती श्रम लागतात यावर ठरते. शेतीवर कशीबशी तगून राहिलेल्या जादा माणसांना उद्योगधंद्यात सामावून घ्या, हे त्यांचे उत्तर होते. म्हणजे 'मातीकडे परत चला' हा नारा आंबेडकरवादी असू शकत नाही. शहरात येणे ही आपल्या माणसांची मुक्ती होती.

परंतु याचा अर्थ आपण जमीन नाकारली असा होत नाही. आपण चाकरी नाकारली. जमीन तर आपण मागतच राहिलो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला आणि लाखो लोकांनी स्वतःला अटक करवून घेतली. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती १६.६ टक्के आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार वहितीखालील क्षेत्रातला त्यांचा वाटा मात्र ९ टक्क्यांहून कमी आहे. जमीन सोडून आपण आलो असे म्हणणे अर्धसत्य आहे. बहुतेकांकडे सोडायला जमीनच नव्हती.

आमची वस्ती पर्वतीच्या पायथ्याला, मुठा उजव्या कालव्याच्या बाजूने पसरलेली आहे. याच पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून ऑक्टोबर १९२९ मध्ये सत्याग्रह झाला होता. वस्तीतली बरीच घरे मराठवाडा आणि सोलापूरकडून आलेली, काही १९७२ च्या दुष्काळात, काही त्यानंतर. बौद्ध घरे जास्त, त्याखालोखाल मातंग, थोडी मुस्लिम. विहाराच्या मागे साधारण ६०० चौरस फूट मोकळी जागा होती, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त. तिथे अनेक वर्षांचा राडारोडा साचला होता. फुटक्या विटा, फरशांचे तुकडे, प्लास्टिक, आणि पाऊस पडला की डास.

बुद्धपौर्णिमेनंतर साफसफाईला सुरुवात झाली. २६ घरांनी नावे दिली. तीन टेम्पो राडारोडा निघाला. धड विटा बाजूला काढून त्यांचेच वाफ्यांना बांध घातले, कारण खालची जमीन मुरमाड आणि कठीण होती. तिच्यात खोदण्यापेक्षा वर माती चढवणे सोपे होते. वर्गणी काढून पोयटा मातीची एक ट्रॉली आणली, शेणखत आणले. अकरा वाफे झाले. कामाची वेळ वर्षावासाला जोडून घेतली. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपले की पंधरा मिनिटे बागेची बैठक. उद्या पाणी कोण घालणार, खुरपणी कोण करणार, कोणाच्या घरी भाजी जाणार, हे सगळे तिथे ठरायचे.

खरा पेच पडला तो खतावरून.

शेणखत विकत आणत राहणे परवडणारे नव्हते. घराघरातल्या ओल्या कचऱ्याचे खत करायचे ठरले. जुन्या पिंपांना भोके पाडायची, एक थर ओला कचरा, एक थर वाळलेला पाला, आणि दर चार दिवसांनी ते वरखाली करायचे. हे वरखाली करण्याचे काम घाणेरडे असते. वास येतो, अळ्या असतात, हाताला दोन दिवस दर्प राहतो. बैठकीत विषय निघाला तेव्हा एकाने सहज सूचना केली, "त्या ताई कचऱ्याच्याच कामात आहेत. त्यांना सवय आहे. त्यांच्याकडे देऊ." सूचना करणारा तरुण पदवीधर, मनाने निर्मळ, चैत्यभूमीला न चुकता जाणारा. कोणाचा अपमान करण्याचा त्याचा हेतू मुळीच नव्हता.

मित्रांनो, जात अशीच बोलते. ती नेहमी शिवी देत नाही. पुष्कळदा ती नुसते 'त्यांना सवय आहे' एवढेच म्हणते. गावाने आपल्या आजोबांबद्दल हेच म्हटले होते. मेलेले ढोर ओढायची त्यांना सवय आहे. नगरपालिका हेच म्हणत आली, गटारात उतरायची त्यांना सवय आहे. आता आपणच आपल्यातल्या एका बाईबद्दल तेच म्हणत होतो. जात ही श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात मांडलेला मुद्दा आपण भाषणात शंभरदा ऐकतो. आमच्याकडे तो एका खताच्या पिंपाजवळ येऊन उभा राहिला.

त्या ताई मातंग समाजातल्या. पहाटे पाचला घर सोडून दारोदार कचरा गोळा करतात. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "दिवसभर मी लोकांचा कचराच हाताळते. इथे तरी मला मांडव बांधू द्या." बैठक शांत झाली. नंतर दोन तास चर्चा झाली, आणि त्या चर्चेतून बागेचा पहिला नियम निघाला. सफाईच्या कामावर पोट असलेल्या कोणावरही खताची पाळी लावायची नाही, स्वतःहून आले तर गोष्ट वेगळी. पाळी पदवीधरांपासून सुरू होईल. मग नोकरदार, मग विद्यार्थी. बायकांइतक्याच पाळ्या पुरुषांना.

नियम करणे सोपे असते. पहिल्या आठवड्यात दोघांना ऐनवेळी काम निघाले. एका घरातून निरोप आला की आमचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्याला हे काम नको. त्याच्या आईचे दुःख आम्हाला कळत होते. मुलाने कचऱ्याला हात लावू नये म्हणूनच तिने चार घरची धुणीभांडी केली होती. तिला समजावायला आम्ही तीनदा गेलो. शेवटी तो मुलगा स्वतःच आला. हातमोजे घातले, नाकाला रुमाल बांधला आणि पिंप रिकामे केले. पुढच्या पाळीला त्याला बोलवावे लागले नाही.

इथे पुण्याचाच एक धडा सांगितला पाहिजे. १९९३ साली या शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या, बहुसंख्येने दलित स्त्रियांनी संघटना बांधली, ओळखपत्र मिळवले, आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी करून महानगरपालिकेशी २००८ साली करार केला. काम तेच राहिले, पण त्या कामाच्या अटी कोण ठरवणार हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला. कोणतेही काम मुळात हलके नसते. ते जन्मावरून एखाद्याच्या गळ्यात बांधले जाते, त्याला नाही म्हणायची सोय ठेवली जात नाही आणि त्याचे दाम दुसराच ठरवतो, तेव्हा ते हलके होते. ही तीन बंधने काढली की खत वरखाली करणे हे नुसते खत वरखाली करणे उरते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. वस्तीत नळाला ठराविक वेळच पाणी येते, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा थेंबही बागेला द्यायचा नाही हे आधीच ठरले होते. गंमत अशी की वस्तीला लागून वाहणारा कालवा खडकवासल्याचे पाणी दौंड, इंदापूरच्या शेतीला नेतो. आमच्या उंबऱ्यावरून पाणी जाते, पण आमचे नसते. ते आमच्या घरात आले ते २७ सप्टेंबर २०१८ रोजी, जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली तेव्हा. दांडेकर पुलाच्या परिसरातल्या वस्त्यांमधले संसार त्या दिवशी वाहून गेले. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो याच पुण्यात. २० मार्च १९२७ ला महाडचे तळे आपण आपले केले. पाण्याचा प्रश्न संपलेला नाही, फक्त त्याचे रूप बदलले आहे.

आम्ही विहाराच्या पत्र्याचे पाणी पन्हाळ लावून दोन टाक्यांत घेतले. पत्रा साधारण ३०० चौरस फुटांचा. एक सेंटिमीटर पाऊस झाला तर अशा पत्र्यावरून जवळपास २८० लिटर पाणी मिळते. शाळेतल्या मुलांनी हे गणित स्वतः केले आणि टाकीवर खडूने लिहून ठेवले. ऑगस्टच्या सुरुवातीला पावसाने ओढ दिली तेव्हा याच पाण्यावर रोपे तगली.

आता पिकाचे. भेंडी, गवार, दोडका, वांगी, मिरची, अंबाडी आणि माठ लावला. माठ चार आठवड्यांत कापणीला आला. एवढ्या लवकर हिरवे पान ताटात पडल्यामुळे डगमगणारी घरेही टिकली. एका वाफ्यातली मेथी जुलैच्या संततधारेत सडली. भेंडीवर केवडा पडला, पाने पिवळी पडून शिरांची जाळी दिसू लागली. हा रोग पांढरी माशी पसरवते आणि रोगट झाड बरे होत नाही, म्हणून तेवढी झाडे उपटून टाकली. गवारीवर मावा आला. त्यावर निंबोळीची भुकटी लिटरला ५० ग्रॅम या हिशेबाने रात्रभर भिजवून, गाळून, सकाळी फवारली. दोडक्याचा मांडव ताईंनी बांधला. बांबू, सुतळी आणि जुन्या साडीच्या पट्ट्या. वाऱ्यापावसात तो एकदाही कलला नाही.

एक प्रसंग मुद्दाम नोंदवतो. पोरे वाफ्यातले तण उपटून ढीग लावत होती. एक आजी काठी टेकत आल्या आणि ढिगाजवळ बसल्या. "हे तण न्हाई रे, कालवण हाय," म्हणाल्या. त्या ढिगातून त्यांनी घोळ वेगळी केली, तांदुळजा वेगळा, कुर्डू वेगळा. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर असताना यावरच पोरे जगवली, हे त्यांनी सांगितले. त्या दिवसापासून खुरपणीला एक तरी आजी हजर असल्याशिवाय सुरुवात होत नाही. कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, त्यात याच भाज्यांना आज मान आहे. आपल्या आज्यांनी त्या खाल्ल्या तेव्हा ती गरिबी होती, इतरांनी खाल्ल्या की तो आहारशास्त्राचा विषय झाला. ज्ञान कोणाचे धरायचे आणि अडाणीपणा कोणाचा, हेही इथे जातच ठरवत आली आहे.

भाजी वाटण्याचे नियम वहीत लिहिले होते. पहिला हक्क गरोदर बायका आणि लहान मुले असलेल्या घरांचा, मग एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा, मग पाळीप्रमाणे सगळ्यांचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. वस्तीत हे पाहायला सर्वेक्षण लागत नाही. म्हणून पालेभाजीला प्राधान्य दिले.

हंगामअखेर वहीतली बेरीज ९६ किलो झाली. २६ घरे आणि चार महिने. म्हणजे घरटी चार किलोसुद्धा नाही. हा आकडा आम्ही लपवत नाही, उलट तो ठळक सांगतो. कारण उद्या कोणीतरी साहेब येऊन पाठ थोपटतील आणि म्हणतील, पाहा, वस्ती स्वावलंबी झाली! बागेने वस्तीचे पोट भरत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे रेशन, अंगणवाडीतला आहार, किमान वेतन यांची जागा कोणतीही बाग घेऊ शकत नाही. बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध हेच शिकवतो. अर्ध्या गुंठ्याला कितीही घाम पाजला तरी तो अर्धा गुंठाच राहतो. बागेचे गुणगान करून हक्काच्या मागण्या मागे पडत असतील, तर अशी बाग न केलेली बरी.

मग मिळाले काय? माणसे मिळाली. पाच वर्षांत जयंतीच्या वर्गणीपलीकडे ज्यांचे बोलणे नव्हते ती बौद्ध, मातंग आणि मुस्लिम घरे रोज पंधरा मिनिटे एकत्र बसली. एकाच वाफ्यातला माठ तिन्ही घरांत शिजला. आणि जागेचा प्रश्न तोंडावर आला, तेव्हा ही बैठक तयार होती.

तो प्रश्न असा आला. बाग हिरवी झाली तशी ती जागा सगळ्यांना दिसू लागली. राडारोडा होता तेव्हा तिकडे कोणी फिरकले नव्हते. दिवाळीनंतर सुशोभीकरणाचा प्रस्ताव पुढे आला. पेव्हर ब्लॉक, दोन बाक, एक कमान आणि तिच्यावर नावाची पाटी. तरुणांत सरळ दोन तट पडले. काहींचे म्हणणे, कमान झाली तर वस्तीची शान वाढेल, विहाराला शोभा येईल. काहींचे म्हणणे, ब्लॉक एकदा बसले की ही जागा आपली राहणार नाही, तिथे गाड्या लागतील. दोन्ही बाजू वस्तीच्या प्रेमानेच बोलत होत्या. पण एका मुद्द्यावर दोघांनाही थांबावे लागले. जागा नक्की कोणाच्या नावावर आहे, आणि आपण तिथे कोणत्या हक्काने उभे आहोत?

याच सुमारास, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या खरेदीखताचा वाद राज्यभर गाजत होता. त्या जमिनीवर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा ताबा. ज्यांच्या पूर्वजांनी चाकरी करून ती जमीन राखली त्यांची नावे कागदात, जमीन दुसऱ्याकडे, आणि व्यवहाराची बातमी आपल्याला वर्तमानपत्रातून कळते. वतनाची जमीन असो की विहारामागचा अर्धा गुंठा, घाम आपला आणि कागद दुसऱ्याचा, हे सूत्र बदललेले नाही.

हे सूत्र जगात इतरांनीही भोगले आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर या कृष्णवर्णीय शेतमजूर बाईंनी १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवायचा प्रयत्न केला, म्हणून मळ्याच्या मालकाने त्यांना हाकलून दिले. मत मागितले की भाकरी जाते, हे त्या शिकल्या. म्हणून १९६९ साली त्यांनी ४० एकर जमीन घेऊन 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती उभी केली. भाजीपाला पिकवून गरीब कुटुंबांना दिला. पैशाच्या ओढाताणीत ती शेती १९७० च्या दशकातच बंद पडली. पण भाकरीची किल्ली मालकाच्या हातात असेल तर मतपेटीतले स्वातंत्र्य अपुरे, हा त्यांचा धडा पँथरच्या वारसदारांनी विसरू नये.

आम्ही काय केले? बैठकीत ठराव झाला. जागेचा सिटी सर्व्हे उतारा काढला, आणि ती वस्तीच्या सामूहिक वापरासाठी लेखी द्यावी असा अर्ज २६ घरांच्या सह्यांनी संबंधित कार्यालयात दिला. पोच घेतली. उत्तर अजून आलेले नाही. कमान हवी म्हणणाऱ्या तरुणांनीही सह्या केल्या, कारण कमानीलाही आधी जागा लागते. दरम्यान पालक, मुळा आणि नव्याने मेथी पेरली आहे. रिकामी जागा हिसकावणे सोपे असते, नांदती जागा हिसकावायला चार माणसांना उत्तर द्यावे लागते.

ज्या वस्त्यांतील तरुणांना असे काही करावेसे वाटते त्यांना आमचे तीनच आग्रह आहेत. बियाणे घेण्याआधी जागेचा उतारा काढा. खताची पाळी सगळ्यांत आधी शिकलेल्यांना लावा, आणि 'सवय आहे' हे वाक्य बैठकीत कोणी उच्चारले तर तिथेच थांबून त्यावर बोला. आणि किलोंची वही प्रामाणिकपणे ठेवा, म्हणजे तुमच्या चार किलोंच्या आड कोणाला आपली जबाबदारी लपवता येणार नाही.

खुरपे पोरांच्या हातात द्यायचे का, हा प्रश्न अपुरा आहे. ते कोणाच्या हातात द्यायचे हे कोण ठरवतो, ते खाली ठेवायचे स्वातंत्र्य आहे का, आणि ज्या जमिनीत ते चालते ती कोणाची, हे तीन प्रश्न त्याला जोडले की तो पूर्ण होतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वस्तीने या हंगामात स्वतः दिली. तिसऱ्याचे उत्तर सरकारदरबारी अर्जाच्या रूपात पडून आहे, आणि ते मिळेपर्यंत आम्ही मागत राहणार आहोत.

जय भीम!